दुसऱ्यांचे उपास

देवळीत गेल्या कित्येक वर्षांत ज्या कोणाला नोकरी लागली, ज्या कोणाची गडचिरोलीची बदली रद्द झाली, ज्या मुलीला हुंडा न मागणारं स्थळ मिळालं आणि ज्या म्हशीला विनात्रास पारडू झालं, त्या सगळ्यांनी, म्हशीसकट, माझ्या मामीच्या रिकाम्या पोटाचे आभार मानायला हवेत. मामी उपास करायची. उपास काय, आपल्याकडे सगळेच करतात. पण लोक आपापले करतात. मामी दुसऱ्यांचे करायची. समोरच्या काकूंना शुगर निघाली आणि डॉक्टरांनी उपाशी राहायचं नाही म्हणून बजावलं, तेव्हा काकूंचा वर्षानुवर्षांचा गुरुवार मामीने असा उचलला, जसं कोणी शेजारणीचं रडतं मूल कडेवर घ्यावं. "उपास वाया नाई जाऊ द्याव," ती म्हणाली, "देवाच्या घरी त्याची जागा रिकामी दिसते." एकदा गुरुवार आला आणि मग मागोमाग सगळे वार आले. कोणाच्या मुलाची मुलाखत असली, की त्याची आई अंगणात येऊन बसायची. मामी तांदूळ निवडता निवडता विचारायची, "कोन्ता वार धरू?" जसं एखाद्या शिंप्याने गळा कसा ठेवू म्हणून विचारावं.

मी अकरावीला आर्वीहून मामीकडे राहायला आले ती नोकरी लागेपर्यंत तिथेच राहिले. मामाचं बाजारात भांड्यांचं दुकान. मामा शांत, जेवणाचा शौकीन आणि बायकोच्या धर्मकार्यात कधीच आडवा न येणारा. तो फक्त बोलायचा. उपासांच्या मानाने मामीचं अंग चांगलं भरलेलं होतं, आणि त्यावर मामाचं ठरलेलं उत्तर होतं : "देव तिले उपासाचं फळ देते, अन् ते फळ तिच्या अंगाले लागते." त्यात खोटं काही नव्हतं. दिवसभर मामी काळा चहा, तोही पाकासारखा गोड, यावर काढायची. आणि दिवेलागणीला उपास सोडायला बसली की साबुदाण्याची उसळ, त्यात ओंजळभर फल्लीकूट, म्हणजे दाण्याचं कूट, वर आलूचा तळलेला चिवडा, आणि शेवटी, देवाला राग येऊ नये म्हणून, शिंगाड्याचा शिरा. ते सगळं एका बैठकीत. भाकरी, वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी असलं साधं माणसाचं जेवण तिच्या वाट्याला आठवड्यातून एखाद्या दिवशी यायचं, आणि त्या दिवशी ती आपल्याच घरात पाहुण्यासारखी अवघडून बसायची. "आज कोनाचं काईच नाई," असं म्हणून ती ताटाकडे संशयाने बघायची. वाटायचं, गावावर काहीतरी संकट आलं असणार आणि आपल्याला कोणी कळवलं नाही.

दुसऱ्याला मात्र उपाशी बघणं तिला सहन होत नसे. मी कॉलेजला निघाले की दारात ताट घेऊन उभी. बस चुकेल म्हटलं तर म्हणायची, "बस दुसरी येते. भूक गेली त येत नाई." पोस्टमन, गॅसवाला, वर्गणी मागायला आलेली पोरं, वाट चुकून आलेला विमा एजंट, सगळे तिच्या ओट्यावर जेवून गेलेले. नगरपरिषदेच्या निवडणुकीत आमच्या वॉर्डातले दोन्ही उमेदवार एकापाठोपाठ एक तिच्याकडे येऊन गेले. मामीने एकासाठी मंगळवार धरला, दुसऱ्यासाठी शनिवार. निकालात शनिवारवाला पडला आणि तोंड पाडून आला. मामीने त्याला बसवलं, पोटभर पाटवडी खाऊ घातली आणि त्याच्या पराभवाची सगळी जबाबदारी स्वतःवर घेतली. "भाऊ, तुह्या उपासाच्या दिवशी माह्याच्यानं चुकून हळद पडली उसळीत," ती म्हणाली. तो बिचारा समाधानाने घरी गेला. मतं कमी पडली असती तर त्याला लागलं असतं. हळद जास्त पडली, हे त्याला सोसण्यासारखं होतं.

हे सगळं असंच चाललं असतं. पण माझी मामेबहीण, आमची ताई, लग्न होऊन जामला गेली. हायवेच्या चौफुलीवर तिच्या नवऱ्याचं टायरचं दुकान आहे. पहिल्या वेळी तिला दिवस गेले आणि राहिले नाहीत. दुसऱ्या वेळीही तेच झालं. ताई माहेरी आली ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, आणि गावभराच्या मनातलं देवाला कळवणारी मामी पहिल्यांदा देवघरासमोर काही न बोलता बसलेली मी पाहिली. पुन्हा दिवस राहिल्याचा फोन आला तेव्हा तिने देवासमोर पाणी सोडलं, "लेकरू रडलेलं कानानं आयकल्याशिवाय मी अन्नाले शिवत नाई." आणि खरंच शिवली नाही. सकाळी चहा, संध्याकाळी वाटीभर भगर आणि ताक. तळणाचा चिवडा गेला, शिरा गेला, फल्लीकूट गेलं. आठवड्यातला तो एक पाहुणा दिवसही गेला. मामाने पहिल्यांदाच हात जोडले. "अवो, थोडं वरण त घे." ती म्हणाली, "तुम्ही घ्या माह्या वाटचं." मामाने रागाने स्वतःचं ताट सरकवलं, तर तिने ते परत त्याच्या पुढे सरकवून त्यात तूप वाढलं.

ती झपाट्याने उतरली. बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या, ब्लाउज खांद्यावर टिकेनात. आणि गल्लीतल्या बाया काय म्हणाल्या असतील? बाया म्हणाल्या, "मामी, काय छान बारीक झाल्या! कोन्तं डायट हाय?" दोघीतिघींनी तर मामीसारखं करायला सुरुवातही केली. एकीने आपल्या जाऊबाईला मोबाइलवर मामीचा फोटो पाठवला, आधीचा आणि आताचा. मामीला त्यात गंमत वाटायची. डोळे खोल गेलेले, गालाची हाडं वर आलेली, आणि अशा तोंडाने ती जामला जाऊन ताईला डिंकाचे लाडू भरवायची. "दोघाईचं खाजो," म्हणायची. तिघांचं म्हणायला हवं होतं. आईच्या वाटचंही ताईच खात होती.

ताईला मुलगी झाली. रडली ती थेट फोनमधून, मामाच्या सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशी. बारसं देवळीलाच केलं. पुरणपोळी, वाटीभर तूप, भजी, कढी. गावाने आग्रह करून मामीला पहिल्या पंगतीत बसवलं. इतक्या महिन्यांनी तिने पोळी तुपात बुडवून खाल्ली, आणि काकूंनी अजून एक वाढली तीही खाल्ली. दुपारी बाया पाळणा म्हणत होत्या, तेव्हा मामी भिंतीला टेकून बसलेली होती. एक हात उजव्या बरगडीखाली घट्ट दाबलेला. चेहऱ्यावर हसू होतं आणि हसण्यावर घाम. मी जवळ गेले. "काई नाई वं, गॅस हाय. आतडे विसरले असतीन अन्न कसं असते ते." मग कळ पाठीतून उजव्या खांद्यापर्यंत गेली आणि ती वाकली. पाळणा म्हणणाऱ्या बाया थांबल्या. तिने वाकल्या वाकल्याच हाताने खूण केली, म्हणत राहा.

कळ आपोआप गेली, आणि काही दिवसांनी परत आली. खडाच असणार, असं गल्लीने ठरवलं आणि औषधं सुरू झाली. गल्लीत ज्याला ज्याला मुतखडा झाला होता त्या प्रत्येकाने आपलं औषध आणून दिलं. कुळथाचं पाणी आलं, पानफुटीची पानं आली. खडा कुठला, कुठे, हे कोणी विचारलं नाही. खडा म्हणजे खडा. मोबाइलवर कोणीतरी लिंबाचा रस आणि वाटीभर तेल एकदम प्यायचा उपाय पाठवला. मामीला एकटीला प्यायला लागू नये म्हणून मामानेही पेलाभर घेतला. मामीला काही झालं नाही. मामाचं दुकान त्या दिवशी उघडलं नाही.

शेवटी मी तिला वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. सोनोग्राफी झाली. डॉक्टर तरुण होत्या, घाईत नव्हत्या. त्यांनी मामीला समोर बसवून कागदावर पेरूसारखी एक पिशवी काढली. "जेवण पचायला यकृत पित्त तयार करतं. ते या पिशवीत साठतं. तुम्ही जेवलात, थोडं तेल-तूप पोटात गेलं, की पिशवी आकसते आणि पित्त आतड्यात सोडते. तुम्ही दिवसचे दिवस जेवतच नाही. मग पिशवी हलत नाही. पित्त पडून पडून घट्ट होतं आणि त्यातलं कोलेस्टेरॉल खाली बसतं. त्याचेच खडे होतात."

मामीने कागद हातात घेऊन नीट पाहिला. भांडेवाल्याची बायको ती. "म्हंजे भांडं खंगाळलं नाई त बुडाले साका बसते, तसं?"

"अगदी तसंच. आणि तुम्ही एकदम बारीक झालात, तेव्हा अंगातली चरबी वितळून पित्तात कोलेस्टेरॉल आणखीच वाढलं. वय असतं, घराण्यातही असतं, बायकांना जास्त होतात, सगळा दोष उपासाचाच नाही. पण उपासांनी हातभार लावला."

"मंग आता तेल-तूप सोडू?"

"पूर्ण नाही. तळलेलं बंद. पण फोडणीपुरतं तेल हवं. भाकरी, वरण, पालेभाजी, जवस, फळं. आणि वेळेवर. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. पण मामी, हे नवे खडे होऊ नयेत म्हणून. झालेले खडे खाण्याने विरघळत नाहीत. ती पिशवी काढावी लागेल. लहान ऑपरेशन आहे. एखादा खडा घसरून नळीत अडकला, तर मात्र ते लहान राहणार नाही."

बसमध्ये मामी खिडकीशी बसली होती. कुठे ते आठवत नाही, पण बाहेर कपाशी फुटलेली होती, ती म्हणाली, "म्हंजे देवानं ठेवून घेतलं नाई काईच. सारं माह्याच पोटात जमा करून ठेवलं." मी हसले. ती हसली नव्हती.

ऑपरेशनची तारीख मिळाली. तोपर्यंत मी देवळीहूनच वर्ध्याच्या नव्या नोकरीला ये-जा करायचं ठरवलं आणि मामीला जेवू घालायचं काम अंगावर घेतलं. आयुष्यात इतकं अवघड काम मी केलेलं नाही. सकाळी मी ज्वारीची भाकरी आणि पालकाची डाळभाजी वाढायची आणि मामी उठून पुढचं दार लोटून घ्यायची. कोणी पाहू नये म्हणून. "काऊन लावते दार?" मामा विचारायचा. "लोकं काय म्हनतीन, सकाळी सकाळी खाऊन राह्यली." पहिले काही दिवस ती चोरी केल्यासारखी भराभरा जेवली. मग हळूहळू सावकाश जेवायला लागली. एका सकाळी तिने भाकरीचा पापुद्रा उचलून त्यात चटणी भरली, चावली आणि म्हणाली, "जवस इतका गोड लागते, हे मले मालूम नोतं." त्या दिवशी दार लोटायला ती विसरली. मामा दुकानाला जायचा थांबला आणि समोर बसून तिचं जेवण बघत राहिला, जसं लोक नव्या नवरीकडे बघतात. कळ त्या दिवसांत आली नाही. मला वाटलं, जमलं.

आणि ऑपरेशनच्या जरा आधी समोरच्या काकूंच्या मुलाचा जामच्या चौफुलीवर अपघात झाला. ट्रकने मोटरसायकलला उडवलं. त्याला नागपूरला नेलं, तो शुद्धीवर नव्हता. काकू आमच्या अंगणात आल्या तेव्हा मी घरीच होते. त्या काही मागायला आल्या नव्हत्या, हे मी शपथेवर सांगेन. त्यांना मामीचं दुखणं माहीत होतं. त्या नुसत्या येऊन जमिनीवर बसल्या आणि मामीच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. मामी त्यांच्या केसांवरून हात फिरवत राहिली. कोणी वाराचं नाव घेतलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी वाढलेलं जेवण मामी "तू जाय, बस निंघून जाईन, मी खाते," म्हणून झाकून ठेवायला लागली. संध्याकाळी भांडी घासलेली असायची. ऑपरेशनच्या तारखेला तिला सर्दी झाली, असं तिने स्वतःच दवाखान्यात फोन करून सांगितलं आणि तारीख पुढे ढकलून घेतली. नाक कोरडं होतं. मी रागावले, मामा रागावला. तेव्हा ती म्हणाली, "बाई, कोनाचं लेकरू मधात लटकून हाय. मी माह्यं पोट कुठी फाडाले जाऊ? चार रोज थांब." तेव्हा आम्हाला कळलं. मामाने भाकरी कुस्करून घास तिच्या तोंडाशी नेला. तिने तोंड फिरवलं नाही, उघडलंही नाही. नुसती त्याच्याकडे बघत राहिली. शेवटी त्याचाच हात खाली आला.

काकूंचा मुलगा शुद्धीवर आला. पाय गेला नाही, थोडा लंगडेल म्हणाले. तो घरी आला त्याच सकाळी मामी चहा ठेवता ठेवता ओट्याला धरून खाली बसली. ही कळ वेगळी होती. पोटातून आरपार पाठीत गेलेली आणि थांबतच नव्हती. वर्ध्याला पोचेपर्यंत तिचे डोळे पिवळे दिसत होते. खडा घसरून नळीत अडकला होता, स्वादुपिंडाला सूज आली होती. मी डॉक्टरांना विचारलं, उपासामुळे झालं का? त्या म्हणाल्या, "ते कोणीच सांगू शकत नाही. खडा होता, तो जेवत्या माणसाचाही घसरतो. पिशवी तेव्हा काढली असती तर..." आणि पुढचं त्या बोलल्या नाहीत. चांगल्या होत्या त्या.

तोंडाने काही द्यायचं नाही असं सांगितलं. सलाइन लावलं. संध्याकाळी भेटायच्या वेळी मी आत गेले तेव्हा मामी शुद्धीत होती. ओठ सुकलेले.

"डॉक्टरबाई म्हनते, काई खाचं नाई," ती म्हणाली. "पानी बी नाई. हे त निर्जळा झाली."

"हो मामी. थोडेच दिवस."

"कोनासाठी?"

मी म्हटलं, "तुझ्यासाठी. तुझ्या पोटाला आराम पडावा म्हणून."

"माह्यासाठी?" तिला खरंच नवल वाटलं. ती हसली, सलाइनच्या हाताने पदर नीट करायला गेली, जमलं नाही. "तसा त कधी केला नाई वं मी. जमते का नाई, पाहा लागन."

तिच्याने तो जमला नाही. सूज उतरायच्या ऐवजी वाढत गेली, मग मूत्रपिंडं थकली, मग श्वास. ताई लेकराला घेऊन जामहून आली, पण लेकराला आत सोडलं नाही. बाहेरच्या बाकावर ते भुकेने रडलं ते आतपर्यंत गेलं. नर्स म्हणाली, त्यांनी डोळे उघडले होते.

सकाळी तिला देवळीला आणलं आणि दुपारपर्यंत सगळं आटोपलं. मरणाच्या घरी चूल पेटवत नाहीत. गल्लीतल्या बायांनी पिठलं आणि भाकरी करून आणल्या, सगळ्यांनी मिळून मोठ्या परातीत. मामा ओट्यावर बसला होता. काकूंनी त्याच्यापुढे ताट ठेवलं. त्याने ताटाकडे पाहिलं, मग त्या बायांच्या तोंडाकडे पाहिलं. बायकोच्या तोंडाकडे जन्मभर पाहिलेला माणूस तो. त्याला ते तोंड ओळखू आलं.

"तुम्ही जेवल्या काय?"

एकीने मान खाली घातली, मग दुसरीने.

"कव्हापासून?"

काकू पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "मामीले दवाखान्यात नेलं तव्हापासून, भाऊ. साऱ्याइनच धरला. त्या घरी आल्यावर सोडाचा होता."

"अन् तुम्हाले शुगर हाय," मामा म्हणाला.

ताई आत लेकराला पाजत होती, त्याचा चुटचुट आवाज येत होता. मग मामा उठला. त्याने परातीतली भाकरी उचलली, तिचे तुकडे केले, आणि गल्लीतल्या त्या बायांना, ज्यांच्यासमोर तो कधी मान वर करून बोलला नव्हता, एकेकीच्या हातावर एकेक तुकडा ठेवत गेला.

"आली न ते घरी, सकाळी," तो म्हणाला. "सोडा आता."

बाया ओट्याच्या कडेने खाली बसल्या आणि जेवायला लागल्या. कोणी रडत, कोणी नुसत्याच. पिठलं गार झालं होतं. एकीला ठसका लागला तर मामाने आत जाऊन पाण्याचा गडू आणला. सगळ्यांच्या हातातलं संपलेलं पाहिलं आणि मग तो आपल्या ताटावर येऊन बसला.